इसब आणि अ‍ॅलर्जीची चांचणी

बिब्बा ठाऊक नाहीं असा मनुष्य मूलच्या बाजूस मिळणें कठीण. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या रानांत बिब्ब्याचीं झाडें आपोआप वाढतात. मुका मार लागला किंवा टांचेला भेग पडली, कीं पूर्वीं घरोघर बिब्बा तापवून त्याचें तेल लावीत असत, आणि अद्यापहि लावणारे आहेत. एखाद्याला त्यानें आराम पडतो. दुसऱ्याच्या अंगावर तोच बिब्बा ‘उततो’. कातडी लाल होते, फोड येतात, पाणी वाहतें, आणि जेथें बिब्बा लागलाहि नव्हता तेथें खाज सुटते. एकाच्या अंगाला जें सोसतें तें दुसऱ्याच्या अंगाला कां सोसूं नये, हाच अ‍ॅलर्जीचा प्रश्न होय. अ‍ॅलर्जी हा शब्द व्हिएन्ना येथील क्लेमेन्स फॉन पिर्के या डॉक्टरानें १९०६ सालीं बनविला. मराठी माणसाजवळ त्यासाठीं नाम नव्हतें, पण क्रियापद मात्र होतें.

इसबानें गांजलेला रोगी दवाखान्यांत येतो तो बहुधा एकच मागणी घेऊन: एकदांची चांचणी करून टाका, म्हणजे हें कशामुळें होतें तें कळेल. ही अपेक्षा अर्धी खरी आहे. चांचणी एक नसून दोन आहेत, त्या दोन निरनिराळ्या प्रश्नांचीं उत्तरें देतात, आणि या दोहोंची गल्लत झाल्यानें पुष्कळ घरांत विनाकारण हाल होतात. त्याहि आधींची गोष्ट म्हणजे अंगावरची प्रत्येक खाज इसब नसते. भातशेतींत दिवसभर ओल्या कपड्यानें वावरणाऱ्या माणसाच्या जांघेंतील चट्टा पुष्कळदां नायटा असतो. घरांतील सर्वांनाच रात्रीं खाज सुटत असली तर ती खरूज असण्याचा संभव मोठा. नायट्याची खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली कीं निकाल लागतो. तेथें अ‍ॅलर्जीच्या चांचणीचें कांहींच काम नाहीं, आणि दुकानांतून आणलेल्या स्टेरॉइडयुक्त मलमानें तर नायटा दबल्यासारखा दिसून अधिकच पसरतो.

पहिली चांचणी सुईची. हाताच्या पुढच्या भागावर किंवा पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या अर्कांचे थेंब ठेवितात आणि प्रत्येक थेंबांतून बारीक टोंचणीनें कातडीच्या वरच्या थराला किंचित् टोंचतात. रक्त येत नाहीं. मुंगी चावल्याइतकी वेदना होते. बरोबर दोन थेंब साक्षीदार म्हणून असतात: एक हिस्टामीनचा, ज्यानें गांठ उठलीच पाहिजे, आणि एक मिठाच्या पाण्याचा, ज्यानें ती उठतां कामा नये. पंधरा ते वीस मिनिटांत निकाल दिसतो. मिठाच्या पाण्यापेक्षां निदान ३ मिलिमीटर मोठी गांठ उठली तर त्या पदार्थाविषयीं शरीर जागरूक आहे असें समजतात. खाज शमविणाऱ्या सेटिरिझिनसारख्या गोळ्या चालू असल्या तर हिस्टामीनची गांठहि उठत नाहीं आणि सारी चांचणी फुकट जाते. म्हणून त्या सुमारें आठवडाभर आधीं बंद कराव्या लागतात. अर्थात् कोणतें औषध थांबवावें हें डॉक्टरानें सांगावयाचें, रोग्यानें ठरवावयाचें नाहीं. क्वचित् प्रसंगीं सबंध शरीरावर तीव्र परिणाम होऊं शकतो, यास्तव ही चांचणी इंजेक्शनाची सोय हाताशीं असेल तेथेंच करावी व नंतर थोडा वेळ तेथेंच थांबावें.

खरी अडचण गांठ उठल्यानंतर सुरू होते. लहानपणापासून इसब असलेल्या मुलांच्या कातडीवर अंडें, दूध, शेंगदाणा, घरांतील धूळ अशा कित्येक गोष्टींच्या गांठी उठतात. म्हणून त्या सर्वांमुळें इसब होतें असें मुळींच नव्हे. तीं मुलें तेच पदार्थ आजवर निर्वेध खात आलेलीं असतात. परंतु घरीं कागद येतो, आजीला तो वाचून दाखविण्यांत येतो, आणि दुसऱ्या दिवसापासून पोराचें दूध बंद, अंडें बंद, डाळ बंद. इसब जेथल्या तेथें राहतें आणि मूल मात्र रोडावतें. सोसत असलेला पदार्थ उगाच तोडला आणि पुष्कळ काळानें पुनः दिला तर पूर्वीं नव्हता असा तीव्र त्रास होण्याचा धोकाहि असतो. कागदावर खूण आहे एवढ्यावरून ताटांतला पदार्थ काढणें हा चांचणीचा उपयोग नसून दुरुपयोग होय. पदार्थ खाल्ल्यावर थोड्याच वेळांत ओठ सुजतात, पित्त उठतें किंवा ओकारी होते, असा घरचा अनुभव असेल तरच त्या गांठीला अर्थ येतो; आणि संशय उरल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखालीं तो पदार्थ थोडथोडा देऊन पाहणें हाच शेवटचा निवाडा.

दुसरी चांचणी पट्टीची. मोठ्या वयांत आलेलें, हात, पाय, मान, पापण्या अशा ठराविक जागीं चिकटून बसलेलें इसब पुष्कळदां बाहेरून लागणाऱ्या वस्तूमुळें होतें, आणि त्याचा शोध सुईनें लागत नाहीं. कारण ही अ‍ॅलर्जी मिनिटांत नव्हे, दिवसांत प्रगट होते. १८९५ सालीं जर्मनींत योसेफ याडासोन यांनीं पाऱ्याच्या मलमानें चट्टे उठलेल्या रोग्यांच्या कातडीवर पारा लावून हें दाखवून दिलें, आणि आजची पट्टीची चांचणी त्याच मार्गावरची आहे. लहान लहान वाट्यांत एकेक पदार्थ भरून त्या चिकटपट्टीनें पाठीवर लावितात. ४८ तास त्या हलूं द्यावयाच्या नाहींत. मग पट्टी काढून एकदां, आणि पुनः तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशीं पाठ पाहतात. कांहीं पदार्थांसाठीं सातव्या दिवशींहि. नुसतें जळजळणें असेल तर तें उतरत जातें, खरी अ‍ॅलर्जी मात्र चढत जाते. म्हणून एकदांच पाहून भागत नाहीं. यादींत निकेल असतें, सिमेंटांत व कमावलेल्या चामड्यांत असणारें क्रोमियम असतें, चपलांच्या रबरांतील द्रव्यें असतात, कलपांतील रंगद्रव्य असतें. आणि भारतासाठीं ठरविलेल्या यादींत गाजरगवतहि असतें.

या गाजरगवताची गोष्ट महाराष्ट्रानें विसरण्याजोगी नाहीं. अमेरिका खंडांतील हें झुडूप भारतांत पसरत असल्याची नोंद १९५६ सालीं पुण्याहून प्रसिद्ध झाली. पुढें त्याच भागांत शेतकऱ्यांचे चेहरे, माना व हात काळवंडून, जाड होऊन चिरूं लागले, आणि १९७४ सालीं या विकारावरील निबंध लंडनच्या एका त्वचारोगविषयक नियतकालिकांत आला. गवताला हात न लावतांहि वाऱ्यानें उडणाऱ्या त्याच्या कणांनीं हा त्रास होतो. त्यामुळें रोग्याला कारण सुचत नाहीं आणि तो उन्हाला दोष देत बसतो. अशा माणसाच्या पाठीवरची पट्टी जें सांगते तें दुसरें कोणी सांगूं शकत नाहीं.

बिब्ब्याचीहि अशीच एक हकीकत आहे. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांत आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर व कमरेवर चट्टे उठूं लागले. कपडे ओळखूं यावेत म्हणून धोबी त्यांवर बिब्ब्याच्या रसानें खुणा करीत, आणि चट्टे नेमके त्या खुणांखालीं होते. १९४३ सालीं अमेरिकन वैद्यकसंस्थेच्या नियतकालिकांत हें प्रसिद्ध झालें. बिब्बा, काजू आणि आंबा हीं एकाच कुळांतलीं झाडें. तेव्हां ज्याच्या अंगावर बिब्बा उततो त्याला काजूच्या टरफलाचें तेल किंवा आंब्याचा चीकहि बाधूं शकतो. मात्र बिब्ब्याचा कच्चा रस घरीं हातावर लावून ‘चांचणी’ करणें हा वेडेपणा आहे. तो रस इतका दाहक कीं अ‍ॅलर्जी नसलेल्याचीहि कातडी भाजून निघेल. विदर्भांत बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात पाहिले म्हणजे वेगळ्या पुराव्याची गरज उरत नाहीं.

मूलच्या माणसानें ही चांचणी केव्हां करावी, हें ऋतु ठरवितो. मे महिन्यांत चंद्रपूरच्या उन्हानें घामाच्या धारा लागतात आणि पट्टी दोन तासांत सुटते; आषाढांत रोवणी चालू असतां पाठ कोरडी ठेवणें अशक्य. भात कापून झाल्यावरचे थंडीचे दिवस उत्तम. त्या आठवड्यांत पाठीवर पाणी घ्यावयाचें नाहीं, ओझें उचलावयाचें नाहीं, खाजवावयाचें नाहीं. चंद्रपूरला किंवा नागपूरला एका फेरीत काम होत नाहीं. निदान तीन फेऱ्या पडतात, आणि हें आधीं न समजल्यामुळें पुष्कळ जण पट्टी काढून घेऊन परत येतात ते शेवटचें वाचन करून घेतल्याशिवाय राहतात. पाठीवर इसब पेटलेलें असेल, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा पाठीला मलम लावीत असतील, तर तसें आधीं सांगावें.

आणि जातांना पिशवींत वस्तु न्याव्या: रोजची चप्पल, लावावयाचें तेल, कुंकू, कलपाची पुडी, फवारणीच्या औषधाचें नांव, वैदूनें दिलेला लेप. पट्टीवर काय ठेवावें हें या पिशवीवरून ठरतें. एखाद्या पदार्थाला पाठीनें होकार दिला, पण तो पदार्थ त्या माणसाच्या आयुष्यांत कोठेंच येत नसेल, तर त्या होकाराचें मोल थोडें. उलट चपलेच्या पट्ट्यांच्या आकाराचा चट्टा पायावर आणि रबराची खूण पाठीवर, असें जुळलें म्हणजे चप्पल बदलून दोन-तीन महिन्यांत पाय सुधारतांना दिसतो. सर्वच खुणा कोऱ्या निघाल्या तरी इसब खोटें ठरत नाहीं. कातडी मऊ ठेवणें आणि डॉक्टरानें दिलेलें मलम सांगितले तितके दिवस लावणें हें चालूच राहतें. होकार मिळालेल्या पदार्थांचा कागद मात्र जपून ठेवावा, आणि पुढें कधीं कलप लावण्याचा, नवें मलम घेण्याचा किंवा बांधावरचें गाजरगवत उपटण्याचा प्रसंग आला कीं तो आधीं काढून पाहावा.