माळढोक आला, तर उतरेल कुठे?



नळदुर्गाहून सोलापूर तासाभरावर, पुढे नान्नजचा माळ. तिथं 1979 साली माळढोक अभयारण्य झालं. आज पक्षी दिसला तर बातमी होते. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. चित्ते 2022 मध्ये आफ्रिकेतून आणले. माळढोक आणायला दुसरा देशच नाही. जैसलमेरला मात्र 2019 पासून अंडी उबवून पिल्लं वाढवतात. 2024 मध्ये कृत्रिम रेतनातूनही पिल्लू जन्मलं.

उद्या त्यांतली काही इकडे सोडायची म्हटलं, तर माळ कुठाय? सातबाऱ्यावर तो ‘पोटखराबा’! या पक्ष्याला लांबवर दिसणारं मोकळं गवताळ रान लागतं, दाट झाडी नव्हे. तेव्हा मेळाव्याची रोपं शाळेच्या आवारात लावू. माळावर खड्डे नकोत.