शाळेतले इंटरनेट : नियम दोन्ही बाजूंचा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. ऑगस्ट 2022 मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, तिथे बायकांची सभा भरली आणि गावासाठी भोंगा घ्यायचे ठरले. तेव्हापासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की घरोघरचे टीव्ही बंद करायचे आणि मोबाइल बाजूला ठेवायचे. मुलांनी अभ्यासाला बसायचे, मोठ्यांनी वाचायचे, लिहायचे, एकमेकांशी बोलायचे. साडेआठला पुन्हा मोकळीक. कोरोनाच्या काळात शाळा मोबाइलवर भरली होती. वर्ग उघडल्यावरही मुलांच्या हातातला मोबाइल सुटेना, ही शिक्षकांची तक्रार होती. भोंग्याची कल्पना निघाली ती या तक्रारीतून.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील बान्सी ग्रामपंचायतीने ठराव केला. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींनी मोबाइल वापरायचा नाही, वापरताना आढळल्यास 200 रुपये दंड.

दोन्ही गावांची कळकळ खरी होती, काळजीही एकच होती. पण नियमांची जात वेगळी. बान्सीचा नियम फक्त मुलांना लागू होता, वडगावचा गावातल्या प्रत्येकाला. सात वाजता मुलाच्या हातातला मोबाइल खाली जायचा तेव्हा बापाच्या हातातलाही जायचा आणि आईची मालिकाही थांबायची. ज्या नियमात मोठी माणसे स्वतःला धरतात तो नियम मुलांना खरा वाटतो. शाळेतल्या इंटरनेटचे नियम लिहायला बसणाऱ्या प्रत्येक मुख्याध्यापकाने या दोन गावांचे ठराव आधी समोर ठेवावेत.

कारण शाळांमधले बहुतेक नियम बान्सीच्या वळणाचे असतात. मोबाइल आणू नये, आणल्यास जप्त होईल. संगणक कक्षात खेळ खेळू नयेत. नको त्या साइट उघडू नयेत. सगळी वाक्ये मुलांना उद्देशून. शिक्षकांनी, कारकुनांनी, संस्थाचालकांनी काय करावे आणि काय करू नये, याबद्दल त्या कागदावर बहुधा एक ओळही नसते. मुलाने चूक केली तर तिचे परिणाम त्याच्यापुरते किंवा वर्गापुरते राहण्याची शक्यता असते. शाळेने चूक केली तर ती एकदम शेकडो मुलांना भोवते.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फिया शहराच्या उपनगरात, लोअर मेरियन नावाचा शाळा-विभाग आहे. सुखवस्तू वस्ती, नावाजलेल्या शाळा. या विभागाने दोन माध्यमिक शाळांतल्या सुमारे 2,300 विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले आणि ते घरी न्यायची परवानगीही दिली. लॅपटॉप चोरीला गेला तर सापडावा म्हणून त्यात एक सॉफ्टवेअर बसवले होते. ते चालू केले की यंत्राचा कॅमेरा ठरावीक मिनिटांनी आपोआप फोटो काढायचा, पडद्यावर काय उघडले आहे त्याचेही चित्र टिपायचा आणि दोन्ही शाळेच्या सर्व्हरवर पाठवायचा. लॅपटॉप देताना मुलांकडून वापराचे नियम मान्य करून घेतले जात होते. या कॅमेऱ्याचा त्यात उल्लेखच नव्हता. कॅमेऱ्याशेजारचा हिरवा दिवा मध्येच लुकलुकतो, असे मुलांच्या लक्षात आले होते. त्यांनी विचारले, तेव्हा तो तांत्रिक दोष असल्याचे सांगण्यात आले.

नोव्हेंबर 2009 मध्ये तिथल्या एका उपमुख्याध्यापिकेने एका विद्यार्थ्याला बोलावले आणि तो घरी गैरवर्तन करतो असे सुनावले. पुरावा म्हणून त्याच्याच खोलीतला त्याचा फोटो होता. हातात गोळ्या दिसत होत्या आणि त्या अमली पदार्थाच्या असाव्यात असा संशय होता. कुटुंबाचे म्हणणे असे, की त्या खायच्या गोड गोळ्या होत्या. फेब्रुवारी 2010 मध्ये खटला दाखल झाला. चौकशीत बाहेर आले, की दोन वर्षांत या यंत्रणेने पन्नास हजारांहून अधिक चित्रे जमवली होती. त्यांत झोपलेली मुले होती, अर्धवट कपड्यांतली मुले होती, त्यांच्या खासगी गप्पांचे पडदे होते. ऑक्टोबर 2010 मध्ये विभागाने 6,10,000 डॉलर देऊन तडजोड केली. फौजदारी गुन्हा कोणावर दाखल झाला नाही, कारण गुन्ह्याचा हेतू सिद्ध करता येईल असे तपास करणाऱ्यांना दिसले नाही.

या निष्कर्षाकडे नीट पाहायला हवे. तिथे कोणी खलनायक नव्हता. हरवलेले यंत्र शोधायचे होते, ते शोधण्यासाठी कॅमेरा चालू झाला आणि यंत्र सापडल्यावरही काही वेळा तो बंद करायचे राहून गेले. कॅमेरा कोणी चालू करायचा, कोणाच्या परवानगीने, किती दिवस आणि आलेली चित्रे कोणी पाहायची, हे कुठे लिहिलेलेच नव्हते. मुलांसाठी वापराचे नियम होते. शाळेच्या हातात असलेल्या यंत्रणेसाठी नियम नव्हता.

स्वीडनमध्ये नियम नसण्याचा प्रश्न नव्हता, कायदा होता. स्केलेफ्टेओ गावच्या एका शाळेत 22 विद्यार्थ्यांची हजेरी कॅमेऱ्याने चेहरा ओळखून घेण्याचा प्रयोग तीन आठवडे चालला. शिक्षकांचा हजेरीत जाणारा वेळ वाचावा, हा हेतू. पालकांची संमतीही घेतली होती. तरीही 2019 मध्ये तिथल्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने नगरपालिकेला दोन लाख क्रोनरचा दंड केला. शाळा आणि विद्यार्थी यांच्यात बळाचा इतका फरक असतो, की अशी संमती मोकळेपणाने दिलेली मानता येत नाही, असे प्राधिकरणाने म्हटले. आपल्याकडे प्रवेशाच्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या आईपुढे अर्ज सरकवला जातो आणि ‘इथे सही करा’ म्हणून बोट दाखवले जाते. ती सही किती मोकळेपणाची असते?

महाराष्ट्रात याला जोडून आणखी एक गोष्ट येते, ती शिक्षकांच्या मोबाइलची. नोव्हेंबर 2016 मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला होता, की शिक्षकांनी दर सोमवारी मुलांचे दहा-दहाचे गट करून त्यांच्यासोबत सेल्फी काढावी आणि ती शिक्षण विभागाच्या ‘सरल’ या ऑनलाइन प्रणालीवर चढवावी. शाळाबाह्य मुलांचा शोध लागावा, हा उद्देश. शिक्षक संघटनांनी विरोध केला. दुर्गम भागात रेंज नाही, शिकवायचा वेळ यात जातो, मुलींचे फोटो शिक्षकांच्या खासगी मोबाइलमध्ये राहणे बरे नव्हे, असे मुद्दे निघाले. जानेवारी 2017 मध्ये तो निर्णय स्थगित झाला. पण फोटो काही थांबले नाहीत. वृक्षारोपण झाले, फोटो. खिचडी वाढली, फोटो. गणवेश वाटले, शाळेत पाहुणे आले, फोटो. ते केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर जातात, तिथून तालुक्याला. शिवाय एखाद्या उत्साही गुरुजींच्या स्टेटसवर लागतात, शाळेच्या फेसबुक पानावर चढतात, आणि खाली मुलाचे नाव, इयत्ता, गाव सगळे लिहिलेले असते. हे सारे शिक्षकाच्या स्वतःच्या पैशाने घेतलेल्या मोबाइलवर होते. तो मोबाइल उद्या विकला, हरवला किंवा घरातल्या कोणाच्या हातात गेला, तर त्यातल्या फोटोंचे काय, हे कोणी ठरवलेले नाही. कामाचा पुरावा मागणाऱ्या वरिष्ठांनी हे ठरवले पाहिजे. शिक्षकावर ते ढकलणे अन्यायाचे आहे.

कायदा आता थोडा पुढे आला आहे. ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो. बालकाची माहिती वापरण्याआधी पालकाची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागते, बालकाच्या हालचालींचा माग ठेवता येत नाही, त्याच्यावर नेम धरून जाहिराती दाखवता येत नाहीत. मुलांविषयीच्या या बंधनांचा भंग झाला, तर दंडाची कमाल मर्यादा 200 कोटी रुपयांची आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये नियम अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली.

याच नियमांत शैक्षणिक संस्थांना एक सवलत आहे. शैक्षणिक कामासाठी किंवा मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेला मुलांवर लक्ष ठेवता येईल आणि त्यासाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीचे बंधन लागणार नाही. सवलतीमागचे कारण समजते, कारण हजेरी किंवा शाळेच्या बसचा माग ठेवण्यासाठी दर वेळी संमती घेत बसणे अवघड आहे. पण लोअर मेरियनची शाळाही लॅपटॉपच्या सुरक्षिततेसाठीच कॅमेरा चालू करत होती. कायद्याने जिथे शाळेवर विश्वास टाकला आहे, नेमके तिथेच शाळेने स्वतःवर लेखी बंधन घालून घेतले पाहिजे. संगणक कक्षातल्या वापराची नोंद ठेवली जाते का, ती किती दिवसांनी पुसली जाते, कोण पाहू शकते, हे पालकांना आधी सांगितले पाहिजे.

मुलांच्या बाजूने न्यायालयाने नियमाला चाप लावल्याचे एक ठळक उदाहरण केरळातले आहे. ते महाविद्यालयाचे आहे, शाळेचे नाही, तरी उपयोगाचे आहे. कोझिकोड जिल्ह्यातल्या चेलन्नूर इथल्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल वापरायला बंदी होती. फहिमा शिरीन या विद्यार्थिनीने ती मानली नाही आणि तिला वसतिगृहातून काढण्यात आले. 19 सप्टेंबर 2019 रोजी केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती पी. व्ही. आशा यांनी तिला परत घेण्याचा आदेश दिला. इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे त्या निकालात आहे. शिस्त लावण्याचा अधिकार न्यायालयाने नाकारला नाही. अभ्यासाचे साधनच काढून घेणारी शिस्त त्याला मान्य झाली नाही.

फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही शाळकरी मुलांच्या स्मार्टफोनबद्दल असाच मध्यम मार्ग सांगितला. सरसकट बंदी नको आणि ती टिकणारही नाही. शक्य असेल तिथे शाळेने मोबाइल जमा करून घ्यावेत, वर्गात वापर नसावा, आणि धोरण ठरवताना पालक, शिक्षक व जाणकारांना विचारावे. फ्रान्सने मात्र 2018 मध्ये कायदा करून शाळांत पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोबाइलला मनाई केली. ज्या देशात शाळेत पुरेसे संगणक आणि ग्रंथालय आहे तिथे हे परवडते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड लावले, ते घरातल्या मोबाइलच्या भरवशावर. 2020 चे ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाले. या कोडमधली एक गोष्ट नियमांच्या दृष्टीने मोलाची आहे. मूल कोड स्कॅन करते आणि शिक्षकाने आधी पाहून निवडलेल्या पाठावरच पोचते. शोधयंत्रात भटकण्याची वेळ येत नाही. उपयोगाचा रस्ता आखून दिला, की मनाईची निम्मी वाक्ये लिहावी लागत नाहीत.

आता सर्वांत अवघड प्रसंग. एखाद्या मुलीचा आक्षेपार्ह फोटो वर्गात फिरतो आहे, असे बाईंना कळते. घाबरून, मदत म्हणून, बाई तो मुख्याध्यापकांना फॉरवर्ड करतात, मुख्याध्यापक संस्थेच्या सचिवांना, सचिव ओळखीच्या वकिलांना. प्रत्येकाचा हेतू चांगला असतो. पण बालकाचे लैंगिक स्वरूपाचे चित्र पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब खाली गुन्हा आहे आणि पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय पोक्सो कायद्याचे कलम 19 सांगते, की असा गुन्हा कळला तर पोलिसांना कळवलेच पाहिजे. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. म्हणून प्रत्येक कर्मचाऱ्याला आधीच माहीत हवे : फोटो कोणालाही पाठवायचा नाही, मुलाच्या मोबाइलमधून घाईने पुसायलाही लावायचा नाही, मुलीला चारचौघांत प्रश्न विचारायचे नाहीत, आणि त्याच दिवशी पोलिसांना कळवायचे. सायबर गुन्ह्यांसाठी 1930 आणि मुलांसाठी 1098 हे क्रमांक शिक्षककक्षाच्या भिंतीवर ठळक लिहिलेले असावेत. त्या क्षणी परिपत्रक शोधायला वेळ नसतो.

व्हॉट्सअॅप ग्रुपची भीती मात्र थोडी कमी करता येईल. ग्रुपवर कोणी काही भलते टाकले तर केवळ अॅडमिन आहे म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यामुळे वर्गशिक्षकांनी ग्रुप बंद करण्याची गरज नाही. पण फी थकलेल्या मुलांची नावे किंवा नापासांची यादी तिथे टाकणे बंद झालेच पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मुलांच्या मानसिक छळाला मनाई केली आहे आणि दोनशे घरांत एकाच वेळी होणारी बदनामी हा छळच आहे. शिक्षकाने विद्यार्थ्याशी एकट्याशी, रात्री, खासगी क्रमांकावरून बोलू नये, हाही नियम लेखी हवा. त्यात मुलांचे रक्षण आहे आणि सरळ मनाच्या शिक्षकांचेही आहे.

हे सारे ठरवायचे कोणी, यासाठी नवी समिती नेमण्याचे कारण नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. अनेक गावांत तिची बैठक पोषण आहार आणि इमारत दुरुस्तीवरच संपते. जूनमधल्या पहिल्या बैठकीत पालकांनी मुख्याध्यापकांना विचारावे, की आमच्या मुलांचे फोटो कोणाकोणाच्या मोबाइलमध्ये आहेत, संगणक कक्षाचा पासवर्ड किती जणांना माहीत आहे, शाळेने मुलांना घ्यायला लावलेले अभ्यासाचे अॅप कोणत्या कंपनीचे आहे आणि ते कोणती माहिती घेते. वरच्या वर्गातल्या दोन मुलांनाही त्या बैठकीला बसवावे. लोअर मेरियनमध्ये हिरवा दिवा आधी पाहिला होता तो मुलांनीच.