सहल दिवसाच्या गाडीने!
(रौप्यमहोत्सवी संमेलनातील भाषण)



ज्येष्ठांच्या गोवा सहलीसाठी कमिटीने रात्रीची गाडी ठरवली आहे. एक दिवस वाचतो, हे खरं. पण माझा विरोध आहे आणि तो मी माइकवरूनच नोंदवतो!

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण सुरू झाली. त्याआधी गावी जायचं म्हणजे एसटी, घाट आणि ओकाऱ्या. ते ज्यांनी सोसलं, त्यांनी तरी झोपेत कोकण ओलांडू नये.

रत्नागिरीच्या अलीकडे करबुडे बोगदा, साडेसहा किलोमीटर लांब. काळोख संपता संपत नाही, डब्यातल्या गप्पा आपोआप थांबतात. रत्नागिरी सोडलं की पानवलचा पूल, ६४ मीटर उंच. खाली दरीतली झाडं भाजीच्या जुड्यांएवढी दिसतात. हे रात्री काय दिसणार, कपाळ?

त्रास आहेच. मार्ग बहुतांश एकेरी, त्यामुळे क्रॉसिंगला गाडी उभी राहिली की राहिली. पावसाळ्यात वेगही कमी, वेळापत्रकच वेगळं. नेमका धबधबा आला की मोबाइल काढेपर्यंत बोगदा! आणि खिडकीतला माणूस शटर ओढून घोरायला लागला, तर विचारूच नका.

पण आपल्यातले सात जण पंच्याहत्तरीपुढचे आहेत. गुडघे बघता पुन्हा कधी जमेल, कुणी सांगावं?

तेव्हा सेक्रेटरीसाहेब, आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. दिवसाची तिकिटं काढा. खिडक्या आळीपाळीने. बटाटेवडे माझ्याकडे लागले.