मोतीचे कार्ड



परळहून नेरुळला बिऱ्हाड हलवताना आमच्या मोतीचे लशींचे कार्ड हरवले. परळला १८८४ साली लॉर्ड डफरिन यांच्या हस्ते उघडलेले बैलघोड्याचे इस्पितळ जवळ होते, म्हणून कधी काळजी वाटली नाही. इथल्या नव्या डॉक्टरांनी नाव नोंदवताना आधी कार्डच मागितले. ते नाही म्हटल्यावर सगळ्या लशी पुन्हा टोचाव्या लागल्या. किराण्याचे पैसे त्यात गेले. हे म्हणाले, "देऊन टाक त्याला कुणाला तरी." रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही, आणि मोती आपला पायाशी घोरत!

आता दरमहा शंभर रुपये डाळीच्या डब्यात टाकते. तपासणीची फी, रात्रीअपरात्रीची फी आधीच विचारून घेतली. रेबीजच्या लशीत मात्र काटकसर नको. तो रोग जडला की माणूसही सहसा वाचत नाही. नवे कार्ड रेशनकार्डाबरोबर ठेवले आहे.