शोकाच्या घरातील नाताळ

(महोत्सवी वर्षाच्या आगमनकाळात धर्मग्रामाच्या सभेत केलेले भाषण)



महोत्सव समितीने आम्हांस 'नाताळचा आनंद कसा भोगावा' या विषयावर चार शब्द बोलण्याची विनंती केली. विषय गोड आहे. परंतु तो ऐकताच एक कडू वाक्य आम्हांस आठवले. दर वर्षी डिसेंबरात आम्ही घरोघर भेटीस जातो, तेव्हा कोणत्या तरी दारावर तारा लागलेला नसतो, आणि आतून खालच्या आवाजात शब्द येतात, "फादर, यंदा आमच्याकडे नाताळ नाही." त्या घरातून वर्षाच्या आत कोणीतरी गेलेले असते. या वाक्यास उत्तर दिल्यावाचून नाताळच्या आनंदाविषयी बोलणे म्हणजे अर्ध्याच धर्मग्रामाशी बोलणे होय.

प्रथम आनंदाचाच विचार करू. कित्येक सज्जनांना असे वाटते की, नवे कपडे, फराळ, गाणीबजावणी हे सर्व ऐहिक. खरा ख्रिस्ती माणूस ते केवळ सहन करतो. आमचे मत तसे नाही. नागपुरात या दिवसांत आंबिया बहाराच्या संत्र्यांनी बाजार भरलेला असतो, पहाटे शेकोट्या पेटतात, गायक मंडळी गळ्याला मफलर गुंडाळून तालमीस येतात. कोणाच्या घरी करंज्या, कोणाच्या घरी गोव्याच्या नेवऱ्या नि दोदोल, कोणाच्या घरी तमिळ किंवा केरळी वळणाचे पदार्थ. आणि त्यांची ताटे हिंदू, मुसलमान, बौद्ध शेजाऱ्यांच्या घरी जातात. यात लाजण्यासारखे काय आहे? ज्या देवाने मानवी देह धारण केला, त्याच्या सणाचा आनंद देहानेही भोगावा, हे योग्यच होय.

आपल्या शहराचे कॅथेड्रल ज्यांच्या नावाने उभे आहे, ते संत फ्रान्सिस डी सेल्स या बाबतीत आमचे गुरू होत. संसारी भाविकांसाठी त्यांनी १६०९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात करमणुकीवर स्वतंत्र विवेचन आहे. मोकळ्या हवेत फिरणे, मित्रांशी गप्पा, गाणे-वाजवणे, हे सर्व त्यांनी निर्दोष तर मानलेच. उलट स्वतःस वा इतरांस कोणतीच करमणूक न मिळू देणाऱ्या कडकपणासच त्यांनी दोष म्हटले. तेथे ते प्रेषित संत योहान यांची एक जुनी कथा सांगतात. एका पारध्याने योहानांना हातावरील पक्षी कुरवाळताना पाहिले व नवल केले. तेव्हा योहानांनी त्यास समजावले की, तुझे धनुष्य तू सदैव ताणलेले ठेवीत नाहीस, तसेच मनाचे आहे. मात्र संतांनी एक मर्यादा घातली: करमणूक करावी, पण तिच्यात जीव गुंतवू नये.

आता ही मर्यादा आपण कोठे ओलांडतो? आमच्या मते, धामधूम हाच आनंद असे मानू लागतो तेथे. धामधुमीस पैसा लागतो, म्हणून काही घरे डिसेंबरात कर्ज काढतात आणि ते पावसाळ्यापर्यंत फेडीत बसतात. धामधूम एका दिवसात संपते, म्हणून २६ तारखेस सण आटोपला असे वाटते. आणि धामधुमीस हसरे चेहरे लागतात, म्हणून ज्याच्या डोळ्यांत पाणी आहे त्यास वाटते की आपणास या सणात जागा नाही.

पवित्र सभेचे पंचांग पाहा. ते काही निराळेच सांगते. २५ डिसेंबरला सणाचा आरंभ होतो. शेवट होत नाही. पुढे आठ दिवसांचा अष्टाह आहे, १ जानेवारीस देवमाता मरियेचा सण आहे, मग प्रकटीकरण, आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाने हा काळ पुरा होतो. या आनंदाच्या ऐन मध्यावर पवित्र सभेने काय ठेवले आहे? २६ तारखेस संत स्तेफन, ज्यांना दगडमार करून ठार केले. २७ तारखेस संत योहान, जे क्रुसाखाली मातेजवळ उभे होते. २८ तारखेस बेथलेहेमची निष्पाप बालके. गोठ्यातील गवत अजून ताजे असते, आणि वेदीवर आम्ही रक्तवर्णी वस्त्रे घालून उभे राहतो. नाताळच्या वृत्तान्तातच संत मत्तय यांनी राहेलीच्या विलापाचे स्मरण केले आहे, आणि त्या विलापाचे सांत्वन होत नाही असेही त्यांनी लपविले नाही. अर्थात शोकाचे घर नाताळच्या बाहेर नाही. पवित्र सभेने त्यास तारीख नेमून आत घेतले आहे.

गोठ्याचेही तेच. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी खरा बैल, खरे गाढव आणि खरे गवत आणून नाताळची रात्र साजरी केली. बेथलेहेमच्या बालकास काय काय उणे होते, ते डोळ्यांनी दिसावे, हा त्यांचा हेतू होता. आज आपण गोठ्यास दिव्यांच्या माळा लावतो, लावाव्यात. परंतु त्याचे मूळ उणीव पाहण्यात आहे, हे विसरू नये.

पुन्हा आपल्या आश्रयदात्या संतांकडे वळू. प्रसन्नतेचे हे आचार्य २७ डिसेंबर १६२२ रोजी लिऑं शहरी पक्षाघाताने आजारी पडले व दुसऱ्या दिवशी, निष्पाप बालकांच्या सणास, निवर्तले. ते बिशप होते; पण त्यांनी प्राण सोडला तो मठाच्या माळ्याच्या घरात. त्यांच्या जवळच्यांचा त्या वर्षीचा अष्टाह रडण्यात गेला असेल. तथापि तो अष्टाहच होता. त्यांच्या नावाचा मिशनरी संघ १८४५ साली आनसीहून हिंदुस्थानाकडे निघाला, आणि त्यांच्याच श्रमांतून १८८७ साली नागपूरचा धर्मप्रांत झाला. घरापासून हजारो कोस दूर, सोबत्यांना मूठमाती देत त्यांनी येथे नाताळ केले. त्यांनी सण रद्द केला असता, तर आज आपण कोणता महोत्सव केला असता?

तर मग दुखवट्याच्या घराने काय करावे? घरात मृत्यू झाला असता सण न करण्याची चाल आपल्या महाराष्ट्रात जुनी आहे. तिच्यात मृताविषयीचा आदर आहे, आणि आम्ही तिची थट्टा करणार नाही. तळण घालू नका, नवे कपडे घेऊ नका, गाण्याबजावण्यास येऊ नका. कोणी आग्रह करू नये. बळेच हसविणे ही निर्दयता आहे. परंतु तीन गोष्टी सोडू नका. मध्यरात्रीच्या मिस्सेस या, मागच्या बाकावर का होईना. लहानसा गोठा मांडा. घरातील मुलांनी माणूस गमावले आहे, त्यांना येशूबाळही गमावल्यासारखे वाटू नये. आणि दारावर तारा लावा. तारा ही शोभेची वस्तू नव्हे. मागी लोकांना तो एका घराचा रस्ता दाखवीत होता. ज्या घरात दुःख आहे, तेथे प्रभू येणारच नाही असे का जाहीर करावे?

आणि ज्यांच्या घरी सर्व कुशल आहे, त्यांना आमचे थोडे कठोर सांगणे आहे. दुखवट्याच्या घरी फराळाचे ताट न्यावे की न न्यावे, या संकोचात आपण त्या दारावरून पुढे जातो. आपल्याकडे कित्येक समाजांत अशा घरी सणाच्या दिवशी आप्तेष्टच अन्न घेऊन जातात आणि सोबत बसून दोन घास खातात. ही रीत आपण घ्यावी. आपल्या घरचे पहिले ताट त्या घरी जावे. २६ तारखेनंतरच्या एका संध्याकाळी तेथे जाऊन बसावे, गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे, आणि घाईने उठू नये. बोलावयास काही न सुचल्यास संत्री सोलावीत व मुलांच्या हाती द्यावीत. सांत्वनास वक्तृत्व लागत नाही.

या महोत्सवी वर्षात आपण ज्यांनी हे मंदिर उभारले त्यांची नावे वाचणार आहोत. त्यांतील बहुतेक आज दफनभूमीत विसावले आहेत. तरी त्यांच्यावाचून आपला उत्सव होत नाही. नाताळचा आनंद असाच असावा, की ज्यात गेलेल्यांचे नाव घेता येईल, रडणाऱ्यास बसता येईल, आणि २५ तारखेचा दिवा प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत तेवता राहील. गोठ्यातील प्रभू आपणां सर्वांस, विशेषतः ज्यांच्या घरी यंदा एक जागा रिकामी आहे त्यांस, आपली शांती देवो. आमेन.