फिजिओथेरपीचे कॉलेज निवडताना : नाव मोठे की हिशोब खरा?

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त विद्यार्थी व पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



 

कार्यकर्त्यांनी आम्हाला विषय दिला, ‘शिक्षण’. विषय फार मोठा आहे. शिक्षण घ्या हे या विहारात कुणाला सांगावे लागत नाही. म्हणून आम्ही एकच प्रश्न घेतला आहे, जो दरवर्षी बारावीच्या निकालानंतर आपल्या पाच-सहा घरांत उभा राहतो. मुलाला किंवा मुलीला एम.बी.बी.एस. मिळत नाही, फिजिओथेरपी मिळते. मग घरात वाद सुरू होतो. नावाजलेल्या कॉलेजात घालायचे, की कमी खर्चाच्या? आई एक म्हणते, मामा दुसरेच म्हणतात, आणि शेवटी कर्ज मात्र बापाच्या नावावर निघते.

फिजिओथेरपी म्हणजे मालिश नव्हे, हे आधी ध्यानात घ्या. लकवा मारलेल्या माणसाला पुन्हा उभे करणे, ऑपरेशन झालेला गुडघा वाकता करणे, अतिदक्षता विभागातल्या रोग्याची छाती मोकळी करणे, जन्मापासून हातपाय आखडलेल्या लेकराला बसायला शिकवणे, हे सगळे त्यात येते. गिरणीवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. साळखात्यात साच्यापुढे आठ-आठ तास उभे राहून आमच्या पिढीचे गुडघे आणि कंबरा गेल्या. त्या वेळी आम्हाला फक्त बाम ठाऊक होता.

आणि गंमत बघा, या शास्त्राचे देशातले पहिले विद्यालय आपल्या गिरणगावातच निघाले. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५३ साली, पोलिओच्या साथीनंतर, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने ते सुरू झाले. १९५५ साली हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था उभी राहिली. भोंगा तिथपर्यंत ऐकू जायचा, पण आपली मुले त्या दारातून विद्यार्थी म्हणून आत जायला बरीच वर्षे लागली.

भगवंतांची एक गोष्ट विनयपिटकात आहे. एक भिक्खू अतिसाराने आपल्याच घाणीत पडून होता. कुणी बघेना. भगवंतांनी आणि आनंदांनी त्याला स्वतःच्या हाताने न्हाऊ घातले, उचलून नीट निजवले, आणि भिक्खूंना सांगितले की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. तेव्हा हा व्यवसाय हलका आहे असे कुणी मुलांच्या मनात भरवू नका.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. कॉलेज कसे निवडायचे?

कालामांना भगवंतांनी जे सांगितले, ते इथे लावून बघा. दहा जण म्हणतात म्हणून, मोठा माणूस म्हणतो म्हणून, कुठे लिहिलेले आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासा. ‘देशात पाचवा क्रमांक’, ‘राज्यात पहिला’ अशा जाहिराती येतात. हा क्रमांक दिला कुणी? केंद्र सरकारची एन.आय.आर.एफ. नावाची क्रमवारी २०१६ पासून निघते. तिच्यात वैद्यकीय, दंतवैद्यकीय, औषधनिर्माण असे विभाग आहेत. फिजिओथेरपीचा स्वतंत्र विभाग त्यात नाही. म्हणजे जाहिरातीतला क्रमांक एक तर खाजगी मासिकाने दिलेला असतो, नाही तर त्याच आवारातल्या मेडिकल कॉलेजचा किंवा सगळ्या विद्यापीठाचा असतो. शेजाऱ्याच्या पोराला पहिला नंबर मिळाला म्हणून आपण पेढे वाटायचे, त्यातलाच हा प्रकार.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. केंद्राची पी.एम. विद्यालक्ष्मी ही २०२४ ची कर्जयोजना मुख्यतः त्या क्रमवारीत वर असलेल्या संस्थांना आणि केंद्र सरकारच्या संस्थांना लागू आहे. तेव्हा संस्था त्या यादीत आहे का, हे जरूर बघा. पण तो कर्जाचा उपयोग झाला. शिकवणे चांगले आहे की नाही, ते त्यावरून कळत नाही.

मग दर्जा कशावरून ओळखायचा? आमचे उत्तर एका शब्दात आहे, रोगी. हे हाताचे शास्त्र आहे. साचा न बघता कुणी विणकर झाला आहे काय? कॉलेजला स्वतःचे रुग्णालय आहे का? अस्थिरोग, मेंदूविकार, बालरोग, अतिदक्षता या सगळ्या विभागांत मुलांना पाठवतात का? एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी दहा वाजता पालकांनी स्वतः जाऊन बाह्यरुग्ण विभागात तासभर बसावे. किती माणसे येतात ती मोजावीत. शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारावे की शिक्षक टिकतात का, का दर सहा महिन्यांनी बदलतात? इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन मिळते का? हे जाहिरातीत सापडत नाही. कँटीनमध्ये चहा पिताना सापडते.

याच कसोटीवर के.ई.एम., सायन, नायर ही पालिकेची रुग्णालये, हाजीअलीची संस्था, नागपूरचे शासकीय मेडिकल यांची फी कमी आणि रोगी भरपूर. तिथे नंबर लागला तर दुसरा विचार करू नका. पण जागा थोड्या आहेत. बाकीच्यांना खाजगी विनाअनुदानित कॉलेज किंवा अभिमत विद्यापीठ, यांतून निवड करावी लागते. खरा घोळ तिथे होतो.

हा फरक नीट समजून घ्या. खाजगी विनाअनुदानित कॉलेजची फी राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जागा मिळाली, तर आपल्या मुलांना अडीच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न त्यावर असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काच्या प्रतिपूर्तीची राज्याची योजना आहे. तेच कॉलेज, तोच वर्ग, पण व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर ही सवलत गेली. अभिमत विद्यापीठ आपली फी आपण ठरवते. तिथे सवलत मिळेलच असे गृहीत धरू नका. लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या. तोंडी आश्वासनावर पावती फाडू नका.

आता कागद-पेन्सिल घेऊन बसू. पूर्वीपासून हा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा होता, २०२५ च्या नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात तो इंटर्नशिप धरून पाच वर्षांचा आहे. म्हणून हिशोब पाच वर्षांचाच करा. फी एकटी धरू नका. वसतिगृह, खाणावळ, अनामत, पुस्तके, परीक्षा, गावी जाण्या-येण्याचे भाडे, सगळे धरा. नंतर कर्ज. समजा दहा लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज, दहा वर्षे मुदत. महिन्याचा हप्ता सुमारे तेरा हजार दोनशे येतो. एकूण परतफेड पावणेसोळा लाखांच्या वर जाते. शिकत असताना चढलेले व्याज वेगळेच. तेच कर्ज तीन लाखांचे असेल तर हप्ता चार हजारांच्या आत. नवीन फिजिओथेरपिस्टला दवाखान्यात सुरुवातीला काय पगार मिळतो, ते आपल्या भागातल्या दोन-तीन दवाखान्यांत जाऊन विचारा, आणि तो आकडा हप्त्याशेजारी लिहा. उत्तर तुमचे तुम्हालाच मिळेल.

मोठ्या हप्त्याने नुसते पैसे जात नाहीत. मुलाचे हात बांधले जातात. त्याला पुढे एम.पी.टी. करायचे असते, वस्तीत दवाखाना काढायचा असतो. हप्ता म्हणतो, आधी मला दे.

आपल्याच वस्तीतल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. वडिलांना गिरणीतून फंड-ग्रॅच्युइटीचे पैसे मिळालेले. तिला एका बड्या नावाच्या संस्थेत कोट्यातून जागा मिळत होती, आणि जिल्ह्याच्या गावी एका साध्या कॉलेजात शासकीय प्रक्रियेतून. वडील म्हणाले, “पैसा काय, पुन्हा येईल, पोरीचं नाव होऊ द्या.” आम्ही चार जण याच सभागृहात तिच्यासह बसलो. पोरगी स्वतः दोन्ही ठिकाणी जाऊन आली. म्हणाली, “बाबा, तिकडे इमारत मोठी आहे, इकडे रोगी जास्त आहेत.” ती साध्या कॉलेजात गेली. फंड शाबूत राहिला, आणि त्यातच पुढे धाकट्याचे शिक्षण झाले. आज ती नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट आहे. परवान्यावर कॉलेजचा क्रमांक लिहिलेला नसतो.

पण याचा अर्थ ‘स्वस्त ते घ्या’ असा काढू नका. दुसरा एक मुलगा केवळ फी कमी म्हणून अशा ठिकाणी गेला, जिथे बाह्यरुग्ण विभागात माश्यासुद्धा फिरकत नव्हत्या. पदवी झाल्यावर त्याला दुसऱ्याच्या दवाखान्यात जवळजवळ फुकट राबून हात बसवावा लागला. ते स्वस्त महागच पडले. रोगी आणि शिक्षक यांसाठी दोन पैसे जास्त मोजा. संगमरवरासाठी मोजू नका.

बाबासाहेबांकडे बघा. १९१३ साली ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. तिथून लंडनला गेले, पण शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ साली शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसा साठवला, मित्राकडून कर्ज घेतले, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. उत्तम शिक्षणाचा हट्ट त्यांनी सोडला नाही, आणि पै-पैचा हिशोबही सोडला नाही. दोन्ही एकाच माणसात होते, हे आपण विसरतो.

शेवटी कामाच्या चार गोष्टी. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र अकरावीतच काढायला घ्या. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती १९९० साली मिळाल्या, त्यासाठी किती मोर्चे निघाले ते जुन्या मंडळींना विचारा. कागद नाही म्हणून ती जागा हातची घालवू नका. वसतिगृह मिळाले नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा अर्ज भरा. कॉलेजला परिषदेची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता आहे का, ते बघा. प्रतिपूर्तीचा पैसा उशिरा येतो, म्हणून प्रवेशाच्या दिवशी नक्की किती भरायचे, ते आधी विचारून ठेवा.

आणि विहाराला एक विनंती. निकालानंतरचे दोन रविवार वंदना झाल्यावर आपण या कामासाठी ठेवू. शिकून पुढे गेलेल्या मुला-मुलींनी येऊन बसावे, पालकांनी कागद आणावेत. दानपेटीतला थोडा भाग अनामत रकमेसाठी उसना द्यायला ठेवला, तर एखाद्या आईचे मंगळसूत्र गहाण पडणार नाही.



भवतु सब्ब मंगलं. नमो बुद्धाय! जयभीम!