"समजलं नाही" म्हणायला शिकू या

कुणी भाकऱ्या थापत असेल, कुणी गोठ्यात असेल, कुणी गटाच्या बैठकीला सतरंजी अंथरून बसली असेल. जिथे आहात तिथूनच ऐका. आम्ही एका बचत गटाच्या चौघीजणी आज तुमच्याशी बोलायला आलोय. आमच्यातल्या दोघींच्या मुली जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची काळजी घेण्याचं काम करतात. तिसरीची मुलगी येत्या काही महिन्यांत निघणार आहे. चौथी गटाचा हिशोब लिहिते, त्यामुळे या तिन्ही मुलींचे कागद तिच्या हाताखालून गेलेत. आमच्यापैकी कुणीही विमानात बसलेली नाही. मुलींनी फोनवर सांगितलं, आम्ही वहीत उतरवलं, तेच आज तुम्हाला वाचून दाखवतोय.

आता खेड्यापाड्यातल्या मुलीसुद्धा जपानी शिकतात. जपानने 2019 साली कुशल कामगारांसाठी नवा व्हिसा सुरू केला आणि 2021 च्या जानेवारीत भारत आणि जपान यांच्यात त्याबद्दल करार झाला. काळजी घेण्याच्या कामासाठी जायचं तर भाषेची परीक्षा द्यावी लागते. जपानीच्या पाच पायऱ्या असतात. सर्वांत सोपी एन-5, त्याच्या वरची एन-4. या कामाला निदान एन-4 किंवा तिच्या तोडीची परीक्षा लागते, शिवाय कामाची आणि कामातल्या भाषेची परीक्षा वेगळी.

आमच्या मुली पास झाल्या तेव्हा आम्ही पेढे वाटले. नंतर कळलं की एन-4 च्या परीक्षेत वाचायचं असतं, ऐकायचं असतं, पण बोलायचं नसतं. तोंड न उघडता मुलगी पास होते! आणि तिकडे गेल्यावर पहिल्या दिवसापासून तोंडच उघडावं लागतं.

एक प्रसंग सांगतो. सांगताना आजही अंगावर काटा येतो.

आमच्यातल्या एकीच्या मुलीचा कामाचा दुसरा आठवडा होता. तिथल्या मोठ्या ताईंनी तिला भराभर काहीतरी सांगितलं. अमक्या आजींना चहा दे, असं तिला कळलं. मधला एक शब्द कळला नाही. पण तिने मान हलवली आणि "हाइ, हाइ" म्हणाली. हाइ म्हणजे हो. तिने आजींना चहा दिला. पहिल्याच घोटाला आजींना जोराचा ठसका लागला, चेहरा लाल झाला. मोठ्या ताई धावत आल्या, पाठ थोपटली, थोड्या वेळाने आजी सावरल्या. न कळलेला शब्द होता "तोरोमि". ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांच्या चहापाण्यात एक पावडर घालून ते पेजेसारखं दाट करतात, त्या दाटपणाला तोरोमि म्हणतात. पातळ चहा श्वासनळीत उतरला तर माणूस दगावू शकतो.

मुलगी रात्री फोनवर रडली. "आई, मला वाटलं पुन्हा विचारलं तर म्हणतील हिला काही येत नाही."

मैत्रिणींनो, ही भीती तिला जपानने घातली नाही. ती आपण घातली. "उलटून विचारू नकोस." "एकदा सांगितलेलं कळत नाही का?" हे आपल्याच घरातलं बोलणं. म्हणून परदेशी निघालेल्या मुलीला सगळ्यांत आधी काय शिकवायचं, असं कुणी विचारलं तर आम्ही चौघी एकच सांगतो. तिला "समजलं नाही" म्हणायला शिकवा.

त्यासाठी तीन वाक्यं पुरतात. "सुमिमासेन, वाकारिमासेन", म्हणजे माफ करा, समजलं नाही. "मोउ इचिदो ओनेगाइ शिमासु", म्हणजे पुन्हा एकदा सांगा. "युक्कुरि ओनेगाइ शिमासु", म्हणजे सावकाश सांगा. आणि ऐकलेलं काम उलट बोलून दाखवायचं. जपानीत वाक्याच्या शेवटी "ने" लावतात, आपल्या "ना" सारखं. "तोरोमि देसु ने?" म्हणजे "दाट करायचंय ना?" एवढं विचारलं असतं तर तो ठसका लागला नसता.

आता तिकडच्या "हो" बद्दल. आपल्याकडे गावात "हाय" म्हटलं की "आहे". त्यांचं "हाइ" म्हणजे हो, पण नुसतं "ऐकतोय, बोला" असाही त्याचा अर्थ होतो. आपण गोष्ट ऐकताना हुंकार देतो ना, तसं. त्यामुळे समोरचा "हाइ" म्हणाला म्हणजे त्याने कबूल केलं असं धरू नये. नकाराचंही तसंच. ते तोंडावर "नाही" फारसं म्हणत नाहीत. "चोत्तो..." म्हणजे "जरा..." असं म्हणून वाक्य अर्धवट सोडतात. मुलीला हे वर्गात समजावून सांगताना मास्तरांना घाम फुटला होता, आम्हाला मात्र लगेच कळलं. उसने पैसे मागितल्यावर जाऊबाई "बघू" म्हणतात, तेच हे.

खरं तर आपल्या मुलींना जपानी अगदीच परकी नाही. आपल्यासारखंच क्रियापद शेवटी येतं. "टोकियोला जाते" हे त्यांच्याकडे "टोकियो नि इकिमासु". "ला" च्या जागी "नि", बाकी क्रम तोच. दुखण्याचे शब्दही आपल्यासारखे जोडीने येतात. मळमळतं त्याला "मुकामुका", ठणका लागतो त्याला "झुकिझुकि", टोचल्यासारखं होतं त्याला "चिकुचिकु", चुरचुरतं त्याला "हिरिहिरि". म्हातारी माणसं दुखणं याच शब्दांत सांगतात. तेव्हा मुलीने हे शब्द निघण्याआधीच पाठ करावेत.

बोलीचंही ध्यानात ठेवावं. वर्गात शिकवतात ती टोकियोकडची भाषा. ओसाकाकडच्या आजी "धन्यवाद" साठी "ओकिनि" म्हणतात आणि "चालणार नाही" साठी "आकान". पुस्तकी मराठी शिकून कुणी अहिराणी नाहीतर मालवणी गावात उतरावं, तशी गत होते. यात मुलीचं शिक्षण वाया गेलं असं नाही. तिने वही खिशात ठेवावी आणि रोज पाच शब्द आजींकडूनच शिकावेत. शिकवायला त्यांनाही आवडतं.

हाक मारायचीही रीत आहे. आपल्याकडे पिकल्या केसांची कुणीही "आजी". तिकडे काळजी केंद्रात असं म्हणणं बरं दिसत नाही, आडनावापुढे "सान" लावून हाक मारतात. आपल्या मुलीलाही आडनावानेच ओळखतील, "पवार-सान" म्हणून. पण स्वतःचं नाव सांगताना "सान" लावायचं नाही. स्वतःलाच "ताईसाहेब" म्हटल्यासारखं होतं ते.

घरात शिरताना चपला दारात काढायच्या, हे आपल्याला सांगायला नको. पण तिथे संडासाच्या सपाता वेगळ्या असतात आणि त्या घालून बाहेर यायचं नसतं. एका मुलीने पहिल्या दिवशी तेच केलं होतं!

अंघोळीचं जास्त महत्त्वाचं, कारण आजी-आजोबांना अंघोळ घालणं हेच तिचं काम असणार. टबातलं गरम पाणी अंग शेकायला असतं, धुवायला नाही. आधी बाहेर साबण लावून अंग स्वच्छ धुवायचं, मग टबात बसायचं. घरात तेच पाणी एकामागून एक सगळे वापरतात. पिण्याच्या हौदात आपण साबण लावून उतरत नाही ना, तसं समजा. आणि मुलीच्या हातावर गोंदण असेल तर ते आधीच सांगून ठेवावं. तिकडे गोंदणाचा संबंध गुंडांच्या टोळ्यांशी जोडला गेला, म्हणून अनेक सार्वजनिक स्नानगृहांत गोंदलेल्या माणसाला घेत नाहीत.

जेवताना काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत. मेलेल्या माणसापुढे ठेवायच्या भातात तशा खोचतात. एकाच्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घासही द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. आपल्याकडे पिंडाचा भात कसा, कुठे ठेवायचा याचे नियम आहेतच. त्यांचेही आहेत, एवढंच. शाकाहारी मुलीने "मांस खात नाही" एवढं सांगून भागत नाही, कारण त्यांच्या बऱ्याचशा सारात माशाचा अर्क असतो. "माशाचं पाणीसुद्धा नको" असं सांगायचं वाक्य तिने निघण्याआधी तोंडपाठ करावं.

गाडीत फोनवर मोठ्याने बोलायचं नाही. कचरा वेगवेगळा करून, ठरलेल्या वारीच बाहेर ठेवायचा. त्याचं पत्रक नगरपालिकेत मिळतं, ते भिंतीला चिकटवावं. पोलिसांना 110, रुग्णवाहिका आणि आग यांसाठी 119. भूकंपाचे लहान धक्के तिथे वरचेवर बसतात. किल्लारीचा 1993 चा भूकंप पाहिलेल्या घरातल्या मुलीला तर जास्तच भीती वाटेल. फोन मोठ्याने वाजला तर धावाधाव न करता टेबलाखाली शिरायचं, डोकं झाकायचं आणि तिथल्या माणसांच्या सूचना ऐकायच्या.

आता पिशवीचं. आईचं मन, काय काय भरावंसं वाटतं! पण ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, बियाणं आणि मांसाचे पदार्थ देऊ नका. विमानतळावर काढून घेतात, लपवलं तर गुन्हा होतो. आमच्यातल्या एकीने परसातला कढीपत्ता दुपट्ट्यात गुंडाळला होता, तो वेळेत बाहेर काढला. सर्दी-खोकल्याची औषधंही विचारून द्या. कोडीन आणि स्यूडोएफेड्रिन असलेल्या औषधांवर तिथे कडक नियम आहेत. जे औषध लागतंच त्याची डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असू द्या.

कागदांचं मात्र कान देऊन ऐका. मोठ्या विमानतळांवर उतरताच राहण्याचं कार्ड मिळतं. घर ठरलं की 14 दिवसांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. ते कार्ड कायम जवळ बाळगायचं असतं. कार्ड आणि पासपोर्ट मुलीच्याच हाती राहिले पाहिजेत. कुणी "आमच्याकडे सुरक्षित राहील" म्हणालं तरी द्यायचे नाहीत. न कळलेल्या कागदावर सही नको. तिथेही तेच वाक्य, "वाकारिमासेन". आणि त्या कागदाचा फोटो घरी पाठवायचा.

इकडे आपलीही जबाबदारी आहे. एजंट सरकारच्या ई-मायग्रेट यादीत नोंदलेला आहे का, ते आधी पाहा. नोंदणी असलेल्या एजंटला सेवेपोटी 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. वर्गाची फी, परीक्षेची फी, तिकीट हे वेगळं लिहून मागा, आणि प्रत्येक पैशाची पावती घ्या. एजंट घाईघाईने बोलायला लागला तर आपणही म्हणायचं, "भाऊ, समजलं नाही, पुन्हा सांगा." आईच मान हलवून मोकळी झाली तर मुलगी काय शिकणार?

आमच्या गटात आता एक सराव चालतो. दर शनिवारी बैठक संपली की जाणाऱ्या मुलीला मधे बसवतो. एकजण भराभर, आपल्या बोलीत, मुद्दाम एखादा अवघड शब्द घालून काम सांगते. मुलीने थांबवायचं, विचारायचं आणि काम उलट सांगायचं. पहिल्या शनिवारी ती नुसती हसली आणि "हो हो" म्हणाली. चौथ्या शनिवारी तिने आमच्यातल्या सगळ्यांत वडील बाईंना म्हटलं, "मावशी, थांबा. मधलं कळलं नाही." मावशींच्या कपाळाला क्षणभर आठी पडली. मग त्यांनी पुन्हा सांगितलं, सावकाश. आम्ही टाळ्या वाजवल्या.

शेवटी एक गोष्ट आपल्या फोनची. जपान आपल्यापुढे साडेतीन तास आहे. आपल्याकडे रात्रीचे नऊ म्हणजे तिकडे साडेबारा, तेव्हा मुलीच्या झोपेचा विचार करून फोन करा. फोनवर आपण विचारतो, "जेवलीस का? बरी आहेस ना?" ती म्हणते, "हो." तेही "हाइ" च असतं. आपल्याला काळजी नको म्हणून. आता आम्ही वेगळं विचारतो. "आज काय कळलं नाही?" या प्रश्नाला "हो" म्हणता येत नाही. मग ती बोलते. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास.

चहा दिलेली ती मुलगी अजून तिथेच आहे. त्या आजी आता तिला रोज एक शब्द शिकवतात.

आज रात्री तुमची मुलगी, सून, नात काही पुन्हा विचारायला आली, तर रागावू नका. पुन्हा सांगा. परदेशाची तयारी तिथूनच सुरू होते.